नाव गावच्या यादीत, पोरं पुण्यात

कौंडण्यपूरची कथा वऱ्हाडात कुणाला सांगावी लागत नाही. वर्धेच्या काठची भीष्मकाची राजधानी, भाऊ रुक्मीने शिशुपालाशी ठरवलेले लग्न आणि ते मान्य नसलेल्या मुलीने द्वारकेला धाडलेले पत्र. रुक्मिणीचे हरण इथल्या अंबिकेच्या देवळातून झाले असे मानतात. पंढरपूरला जाणारी तिची पालखीही चारशेहून अधिक वर्षे याच माहेरगावातून निघते. कथेत रुक्मिणीचे वय कुणी विचारत नाही. तिने ठरवले, कळवले आणि निभावले, एवढे पुरे होते. आज त्याच गावातली अकरावीतली मुलगी ग्रामसभेत जाऊन बसली, तर कायद्याने ती तिथली कुणी नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नावे असलेली माणसे. नळ किती वाजता येतो नि किती वेळ चालतो हे त्या सभेतल्या निम्म्या पुरुषांपेक्षा तिला चांगले ठाऊक असते, कारण पाणी तीच भरते. पण ठरावाला हात वर करायचा तो यादीतल्यांनी.

मतदानाचे वय खाली आणावे का, आणले तर सोळावर आणावे का, आणि शाळेत नागरिकशास्त्र कसे शिकवावे, हे दोन प्रश्न आपल्याकडे वेगवेगळ्या टेबलांवर चर्चिले जातात. पहिला कायदेपंडितांचा, दुसरा अभ्यास मंडळाचा. मला ते एकच वाटतात. आपली खरी अडचण आकड्यापेक्षा वेळापत्रकाची आहे. नागरिकशास्त्र शिकवून संपते तेव्हा मत नसते, आणि मत हाती येते तेव्हा पोरगा गावात नसतो.

मतदानाच्या वयाचा पहिला, एकवीसचा आकडा आपण साहेबाकडून घेतला. १९२८ च्या नेहरू अहवालात प्रौढ मताधिकार मागितला तो एकवीस वर्षांवरच्यांसाठी, आणि राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्येही तोच आकडा बसला. त्या काळाच्या मानाने ही उडी केवढी मोठी होती हे विसरून चालणार नाही. १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडात मत होते ते शेतसारा किंवा कर भरणाऱ्याला, नाहीतर ठरावीक शिक्षण झालेल्याला. मजूर आणि बहुतेक बाया यादीबाहेर होत्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी सतरा कोटींच्या वर गेली, आणि त्यातल्या बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. ‘आधी शिकवा, मग मत द्या’ म्हणणारे तेव्हाही होते. घटनाकारांनी त्यांचे ऐकले नाही. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी त्या घटना समितीत होते. पंजाबरावांनी तर १९३२ सालीच अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली होती. शिक्षणासाठी उभा जन्म घालवणारा हा माणूस ज्या समितीत बसला, तिने मतासाठी शाळेच्या दाखल्याची अट घातली नाही.

पण एकवीसच्या आकड्यात एक विसंगती होती. १८७५ च्या कायद्याने आपल्याकडे माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. त्याला शेत विकता येत होते, करार करता येत होता. १९७८ पर्यंत तर मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय पंधरा होते. म्हणजे वऱ्हाडातली एखादी बाई दोन लेकरांची आई झाल्यावर पहिल्यांदा मत द्यायला जायची. लग्न, कर्ज आणि मजुरीसाठी मोठी, आमदार निवडण्यासाठी लहान. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी, चिमूर, बेनोडा, यावली इथे इंग्रजांविरुद्ध जी गर्दी उसळली, तिलाही कुणी वयाचा दाखला मागितला नव्हता.

ही विसंगती मोडायला एकसष्टावी घटनादुरुस्ती यावी लागली. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली, निम्म्याहून अधिक राज्यांनी मान्यता दिली आणि २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय अठरा झाले. १९८४ ला चाळीस कोटींच्या आसपास असलेली मतदारसंख्या १९८९ च्या निवडणुकीत पन्नास कोटींच्या घरात गेली. दुरुस्ती आणणाऱ्या राजीव गांधींना त्या निवडणुकीत सत्ता सोडावी लागली, आणि अमरावतीने तर भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख दिल्लीला पाठवले. (दोनच वर्षांनी इथूनच काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील निवडून आल्या. वऱ्हाडी मतदाराला गृहीत धरू नये.) त्या निकालाचे श्रेय कोवळ्या पोरांना देण्याचा मोह होतो, पण बोफोर्स होते, कापसाच्या भावाचा राग होता, काँग्रेसविरोधी वारे देशभर होते. एवढे मात्र दिसले, की अठरा वर्षांच्या हाती मत दिल्याने आभाळ कोसळले नाही. तरुण पोरे भडकतील, पुढारी त्यांना नादी लावतील, ही भीती जुन्या-जाणत्यांना होती. पुढाऱ्यांनी नादी लावलेल्यांची संख्या पस्तिशीच्या पुढे कमी आहे असे काही मला आढळलेले नाही.

कायद्याने दार उघडले, पण उंबरठा उंचच राहिला. कित्येक वर्षे १ जानेवारी हीच पात्रतेची तारीख होती. ज्याचा अठरावा वाढदिवस २ जानेवारीला, त्याला पुढच्या वर्षाची वाट. २०२१ च्या कायद्याने हे बदलले. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्याला नावनोंदणीचा नमुना क्रमांक ६ आगाऊ भरून ठेवता येतो. सुधारणा चांगली आहे. तरीही २०२४ च्या लोकसभेपूर्वी निवडणूक आयोगाच्या यादीत अठरा-एकोणीस वयाचे मतदार देशभरात मिळून १.८४ कोटी होते. त्या वयाची लोकसंख्या याच्या दुपटीहून जास्त असताना. म्हणजे निम्म्याहून अधिक पोरे यादीच्याच बाहेर. मतदानाचे वय सोळा करा म्हणणाऱ्यांनी आणि करू नका म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही आधी या आकड्याकडे पाहावे.

ती बाहेर का राहतात? उदासीन आहेत म्हणून, हे शहरी संपादकीयांचे उत्तर. तिवसा तालुक्यातल्या पोराचे आयुष्य जरा जवळून पाहा. दहावी गावात किंवा कुऱ्ह्याला, बारावी तिवशाला किंवा अमरावतीला. ऐन अठराव्या वर्षी तो अमरावतीच्या होस्टेलवर, नागपूरला नाहीतर पुण्यात. आईबाप म्हणतात, नाव गावच्याच यादीत राहू दे, रेशनकार्ड इथले, शेतीचा सातबारा इथला. आणि गावच्या पुढाऱ्यालाही ते तसेच हवे असते, ग्रामपंचायतीला दहा मते इकडेतिकडे झाली की निकाल फिरतो. विद्यार्थ्याला होस्टेलच्या पत्त्यावर, कॉलेजच्या बोनाफाइडवर नोंदणी करता येते. पण तसे केले की गावचे नाव कटते, म्हणून तो करत नाही.

२०२४ चेच पाहा. अमरावती आणि अकोल्याचे मतदान २६ एप्रिलला, शुक्रवारी. पुण्याचे १३ मे रोजी. त्या शुक्रवारी पुण्यात सुट्टी नव्हती. कामगाराला मतदानाची पगारी रजा देण्याचे बंधन मालकावर कायद्याने आहे, पण विद्यार्थी कुणाचा कामगार नाही. त्याने रात्रभर गाडीत बसून बडनेरा गाठायचे, तिथून गाव, शाई लावून घ्यायची आणि परत. परीक्षा तोंडावर. गंमत अशी की पुण्यातल्या अभ्यासिकांत बसलेली आपल्याकडची हजारो पोरे एमपीएससीसाठी राज्यघटना तोंडपाठ करत असतात. एकसष्टावी घटनादुरुस्ती कोणती, कलम ३२६ कशाचे, झोपेत विचारा, पोट्टे उत्तर देतील. त्यातल्या किती जणांनी त्या वर्षी मत दिले, हे विचारू नका.

आता शाळेकडे वळू. आपल्याकडे नागरिकशास्त्र हे इतिहासाचे शेपूट म्हणूनच वाढले. आठवीपर्यंत पुस्तकाचे नावच ‘इतिहास व नागरिकशास्त्र’, आणि शिवाजी महाराज संपेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. बालभारतीची अलीकडची पुस्तके मुळात वाईट नाहीत, उलट बरीच चांगली आहेत. सहावीत स्थानिक शासन: ग्रामसभा, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. सातवीत संविधान. आठवीत संसद, न्यायालय, नोकरशाही. नववीत एकदम परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हाने. दहावीचा निवडणुकीवरचा धडा तर मतदारसंघ, आचारसंहिता, आयोगाची कामे असे सगळे नीट सांगतो.

खोट क्रमात आहे. गावचा कारभार अकराव्या-बाराव्या वर्षी, जेव्हा मुलाला त्यात काडीचा रस नसतो. तो रस येण्याच्या वयात त्याला न्यूयॉर्कची सुरक्षा परिषद. आणि दहावीनंतर काहीच नाही. विज्ञान, वाणिज्य, आयटीआय, कुठेही गेला तरी नागरिकशास्त्र सुटले. ज्याने कला शाखेत राज्यशास्त्र घेतले तेवढाच उरला. सोळा ते अठरा, म्हणजे मताच्या आधीची नेमकी दोन वर्षे, कोरी.

दुसरी खोट पुस्तक आणि गाव यांच्यात आहे. सहावीतल्या मुलाला आपण शिकवतो की जिल्हा परिषद दर पाच वर्षांनी लोक निवडून देतात. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर प्रशासक बसला. त्या वर्षी सहावीत असलेला मुलगा तीन वर्षांनी नववीत गेला, तरी निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य त्याने पाहिला नव्हता. तोच त्या वर्षी अठराचा झाला असता, तर हाती मत असूनही द्यायला निवडणूक नव्हती. मतदानाचे वय कमी करण्याच्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढत नाही. मला तो सगळ्यांत मोठा वाटतो.

आणि शिकवणारा गुरुजी? त्याच्याकडे खरा खजिना आहे आणि तो वर्गात कधी उघडला जात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक बहुतेक वेळा मतदान केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकारी असतो, कित्येकदा गावची मतदारयादी सांभाळणारा बीएलओही तोच. आदल्या दिवशी तो तालुक्याच्या ठिकाणी रांगेत उभा राहून यंत्र ताब्यात घेतो, क्रमांक जुळवतो, एसटीने गावाला पोचतो आणि रात्री शाळेतच बाकावर अंग टाकतो. पहाटे साडेपाचला पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घेऊन दाखवतो, मोजतो, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या पडताळतो, ती मते पुसतो, सील लावतो आणि सात वाजता दार उघडतो. संध्याकाळी नमुना १७ सी भरून किती मते पडली त्याची प्रत प्रतिनिधींच्या हाती देतो. हे सगळे होते ते त्याच सहावीच्या खोलीत, फळ्यावर काल लिहिलेला सुविचार तसाच असतो. सोमवारी मुले येतात, बाके जागेवर लागतात आणि गुरुजी पुस्तक उघडून ‘निवडणूक आयोगाची रचना’ सांगायला लागतात. पन्नास मतांचे ते नाटक का करतात, प्रतिनिधीची सही का घेतात, यंत्राला गाठ कशी मारतात, हे त्यांनी एक तास बसून सांगितले तर दहावीचा धडा आपोआप होईल. पण ते परीक्षेला येत नाही. आणि निवडणुकीचे काम म्हणजे शिक्षकाच्या लेखी शिक्षणबाह्य कामाचा जाच, त्यातही तथ्य आहेच.

बऱ्याच शाळांत जुलैमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मोबाइलवर मतदान यंत्राचे ॲप, बोटाला स्केचपेनची शाई, आणि मग मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पोषण आहार मंत्री. परिपाठात शपथविधी, स्थानिक पेपरात फोटो. कौतुक आहे, पण पुढे काय? खिचडीत डाळ पातळ आहे हे पोषण आहार मंत्र्याने म्हटले तर त्याचे ऐकणारे कुणी आहे का? निवडणूक शिकवली, कारभार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी घेण्याची तरतूद आपल्याकडे आहे. त्यांना बैठकीत बोलावून बोलू देणे हे त्या ॲपपेक्षा मोठे नागरिकशास्त्र ठरेल.

महाविद्यालयात तर उलटाच प्रवास. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या, गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायचे ठरले. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या, पण कागदावरच. २०१९ ला होणार होत्या, विधानसभा आली, पुढे ढकलल्या, आणि राहिल्या. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीने पंतप्रधान ठरवायला हरकत नाही, वर्गप्रतिनिधी मात्र नको. ज्या १९८९ ने अठराला मत दिले त्याच वर्षातली ही दुसरी घटना. दुसरीचाच धडा आपण जास्त मनावर घेतला.

पुस्तकांत राजकारण किती यावे, यावरही आपली माणसे एकमेकांसमोर उभी राहिली आहेत. एनसीईआरटीच्या २००६ नंतरच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे सल्लागार होते योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर. व्यंगचित्रे, वाद, न सुटलेले प्रश्न असे सगळे त्यात होते. मे २०१२ मध्ये त्यातल्या, व्यंगचित्रकार शंकर यांच्या १९४९ सालच्या डॉ. आंबेडकरांवरील चित्रावरून संसदेत गदारोळ झाला, पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयावर हल्ला झाला, दोघांनी राजीनामे दिले. पुस्तके तपासायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे डॉ. सुखदेव थोरात. समितीने बरीच व्यंगचित्रे वगळायला सांगितले, सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी असहमती नोंदवली. ज्या समाजाने अपमान पिढ्यान्‌पिढ्या सोसला त्याच्या भावना मला समजतात. तरी सोळा वर्षांच्या मुलाला व्यंगचित्र झेपणार नाही असे धरून त्याला अठराव्या वर्षी प्रचारसभा आणि रील्स यांच्या तोंडी देणे, यात मला तर्क दिसत नाही.

जगात काय चालले आहे? ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सगळ्या निवडणुकांसाठी वय सोळा केले. ब्राझीलने १९८८ च्या घटनेतच सोळा-सतराच्या मुलांना ऐच्छिक मत दिले. स्कॉटलंडने २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा वर्षांच्यांना घेतले आणि पुढे ते कायम केले. ब्रिटिश सरकारनेही जुलै २०२५ मध्ये संपूर्ण देशासाठी तो मनोदय जाहीर केला. जपानने २०१६ पासून विसाचे अठरा केले आणि पुढे उच्च माध्यमिक शाळेत सार्वजनिक जीवनावरचा नवा सक्तीचा विषय आणला. मत आणि अभ्यासक्रम जोडीने हलवणारा हा दाखला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांना आढळले की सोळा-सतराची मुले अठरा ते वीसच्या तरुणांपेक्षा जास्त प्रमाणात मतदानाला जातात, आणि त्यांची निवडही मोठ्यांहून कमी विचाराची नसते. कारण साधे आहे. सोळाव्या वर्षी मूल घरी असते, शाळेत असते, पहिले मत आईबापांसोबत चालत जाऊन देते. अठराव्या वर्षी घर सुटलेले असते. हे वाचताना मला व्हिएन्ना नाही, बडनेरा स्टेशन दिसते.

तरी लोकसभेच्या मतदानाचे वय उद्या सोळा करा असे मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या देशात त्याला पुन्हा घटनादुरुस्ती लागेल, आणि अठरा-एकोणीसची निम्मी पोरे यादीबाहेर असताना नव्या पोरांची यादी करायला निघणे हे घरचे सोडून बाहेरचे निस्तरणे आहे. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कलम ३२६ लोकसभा आणि विधानसभेपुरते आहे. पंचायतींच्या निवडणुकांबाबत कायदा करण्याचा अधिकार घटनेने राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. महाराष्ट्राने १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात विधानसभेचीच यादी वापरायचे ठरवले, म्हणून ते वय अठरा. गावापुरती वेगळी यादी करून सोळाचा प्रयोग करायचा असेल, तर दिल्लीला जायची गरज नाही. तिवसा तालुक्यातल्याच मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता सांगितली, तिच्यात मताच्या जबाबदारीवरही ओव्या आहेत, आणि त्यांचा सगळा भर देशाची बांधणी गावापासून करण्यावर होता. प्रयोग गावापासून सुरू व्हावा, यात त्यांना काही वावगे वाटले नसते.

याला हरकती आहेत आणि त्या फुसक्या नाहीत. ग्रामपंचायतीची निवडणूक भावकीची असते. सोळा वर्षांच्या मुलाचे मत म्हणजे बापाचे दुसरे मत, आणि मुलीचे तर निश्चितच, असे लोक म्हणतात. बायकांना मत मिळाले तेव्हाही नवऱ्याचे दुसरे मत हाच आक्षेप होता. तो काही वर्षे खरा ठरला, पुढे ठरेना. दुसरी हरकत अशी की आपण सोळाव्या वर्षाला मोठे मानतच नाही. पण मानतो की. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने घोर गुन्ह्यात सोळाच्या पुढच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. शिक्षेसाठी मोठा, मतासाठी लहान, ही जुनी विसंगती नव्या रूपात परत आली आहे. उलट दिशेचीही एक गंमत. मत अठराला, पण ग्रामपंचायत सदस्य व्हायला एकवीस, विधानसभा-लोकसभेत जायला पंचवीस. २०२३ मध्ये सुशीलकुमार मोदींच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने उमेदवारीचे वयही अठरावर आणावे अशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे. आणि महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचे तर सातवी पास असावे लागते. सातवी, म्हणजे संविधान शिकवतात ती नेमकी इयत्ता. ही अट घालणाऱ्यांच्या मनात एवढे असेलसे वाटत नाही.

मधला मार्ग कायदा न बदलताही निघतो. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा करताना बालसभा घेण्याच्या सूचना आहेत. ती कागदावर होते, फोटो अपलोड होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांपैकी एकीला नववी ते बारावीच्या मुलांना बसू द्यावे, बोलू द्यावे आणि त्यांचे प्रश्न ग्रामपंचायत अधिकाऱ्याने कार्यवृत्तात लिहावेत, मत नसले तरी. १ मेची सभा याला सोयीची, परीक्षा संपलेल्या असतात आणि बाहेर शिकणारी पोरेही त्या सुमारास घरी येतात. त्याच दिवशी बीएलओने सभेच्या दारात टेबल टाकून सतरा पूर्ण झालेल्यांचे नमुना ६ भरून घ्यावेत. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, एक फोटो, अर्धा तास पुरतो.